बजबजची वीज आणि फादर लाफाँ

कोलकात्याच्या सियालदह स्थानकावरून दक्षिणेकडे निघणारी एक लोकल गाडी बजबज येथे येऊन थांबते. पुढे रूळ नाहीत. पुढे हुगळी नदी आहे. १९१४ साली कोमागाता मारू जहाजावरील शीख प्रवाशांवर येथेच गोळीबार झाला, त्यामुळे हे गाव इतिहासाच्या पुस्तकात आहे. परंतु आज कोलकात्याच्या माणसाला बजबजची आठवण होते ती तेथील औष्णिक वीजकेंद्रामुळे. १९९७ साली हे केंद्र सुरू झाले आणि २०१० मध्ये तिसरा संच उभा राहिल्यावर त्याची क्षमता साडेसातशे मेगावॅट झाली. कोलकाता शहराच्या असंख्य घरांतील पंखे या केंद्राच्या बळावर फिरतात.

काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या कामानिमित्त मी कोलकात्यास गेलो असता बजबजच्या एका ख्रिस्ती कुटुंबाने मला जेवावयास बोलाविले होते. पानावर बसण्यापूर्वी स्वयंपाकघरातील दिवा अचानक विझला. घरातील सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने आधी मेन स्विच बंद केला, मग होल्डर उघडला, सुटलेली तार पुन्हा स्क्रूखाली घट्ट बसविली आणि दोन मिनिटांत उजेड केला. मी त्याचे कौतुक केले आणि सहज विचारले की दिव्याकडे एक तार वीज आणते हे खरे, मग दुसरी तार कशासाठी? मुलगा हसला. दोन लावायच्या असतात म्हणून लावतो, एवढेच त्याला ठाऊक होते. खरे सांगावयाचे तर, त्याच्या वयात मलाही याहून अधिक ठाऊक नव्हते. हाताला सवय झाली होती, पण मनाला कारण माहीत नव्हते.

हात आणि मन यांच्यामधील या अंतरावरून सुमारे दीडशे वर्षांपूर्वी त्याच कलकत्त्यात मोठा वाद झाला होता. त्या वादात ठामपणे उभ्या राहिलेल्या एका धर्मगुरूची ही जीवनकथा आहे. त्यांचे नाव फादर यूजेन लाफाँ.

लाफाँ यांचा जन्म २६ मार्च १८३७ रोजी बेल्जियममधील माँस या गावी झाला. गेंट येथील येशूसंघीयांच्या शाळेत त्यांचे शिक्षण झाले आणि १८५४ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. तत्त्वज्ञान आणि निसर्गविज्ञान या दोन्ही विषयांत त्यांची तयारी करून घेण्यात आली. उपकरणे जुळविण्याची आणि प्रयोग करून दाखविण्याची हातोटी त्यांना तरुणपणीच लाभली होती. बेल्जियन येशूसंघीयांनी १८६० साली कलकत्त्यात सेंट झेविअर्स कॉलेज स्थापन केले होते. तेथे विज्ञान शिकवू शकेल असा माणूस हवा होता. डिसेंबर १८६५ मध्ये लाफाँ कलकत्त्यास आले आणि पुढील बेचाळीस वर्षांहून अधिक काळ ती नगरी हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले.

ते आले तेव्हा शहराच्या मनातून एक भीती गेली नव्हती. ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात हुगळीच्या मुखाकडील प्रदेश समुद्राने गिळला होता आणि मृतांची संख्या साठ हजारांच्या घरात सांगितली जात होती. लाफाँ यांनी कॉलेजच्या गच्चीवर काही साधी उपकरणे मांडून रोज हवेचा दाब, उष्णतामान आणि वाऱ्याची दिशा टिपण्यास प्रारंभ केला. वायुभारमापकातील पारा म्हणजे डोक्यावरच्या हवेचे वजन करणारा तराजूच होय. वादळ जवळ येऊ लागले की ते वजन घटते आणि पारा उतरू लागतो. नोव्हेंबर १८६७ मध्ये पारा असाच उतरू लागला. लाफाँ यांनी वेळ न दवडता अधिकाऱ्यांना कळविले, इशारा दिला गेला आणि वादळ आले तेव्हा अनेकांचे प्राण वाचले. परदेशातून आलेल्या या तिशीतील माणसावर शहराने विश्वास टाकण्यास आरंभ केला तो येथून.

गच्चीखाली, कॉलेजच्या इमारतीत, त्यांनी प्रयोगशाळा उभारली. भारतीय विद्यार्थ्यांना विज्ञान शिकविले जाई ते बहुधा पुस्तकातून. विद्यार्थी व्याख्या पाठ करीत आणि परीक्षेत लिहीत. विज्ञान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही, हा लाफाँ यांचा आग्रह होता. युरोपात नवे उपकरण निघाले की ते कलकत्त्यास आणण्याची त्यांची खटपट सुरू होई. १८७० पासून त्यांनी कॉलेजच्या भिंतींबाहेरच्या लोकांसाठीही सप्रयोग व्याख्याने देण्यास सुरुवात केली. जादूचा कंदील, फोनोग्राफ, प्रकाशाचे रंग, ध्वनी, चुंबक आणि वीज या सर्वांचा त्यांत समावेश असे. श्रोत्यांत वकील असत, डॉक्टर असत, कचेरीतील बाबू असत आणि विद्यार्थी तर असतच.

वीज हा विषय त्या शहराला अगदीच अनोळखी होता असे नाही. डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ सालीच कलकत्त्याजवळ एकवीस मैलांच्या तारेवरून संदेश पाठविण्याचे प्रयोग केले होते आणि त्यात सुमारे सात हजार फूट अंतर नदीच्या पाण्यालाच तारेचे काम करावयास लावले होते. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर तारायंत्र सुरू झाले. त्याचा एक फाटा बजबजजवळच्या मोयापूरपर्यंत नेला होता. जहाजे नदीत शिरली की बातमी शहरास पोहोचे. म्हणजे लोकांनी विजेचा उपयोग पाहिला होता. मात्र तारेतून नेमके काय जाते, हे सांगणारा कोणी नव्हता.

येथे मी बजबजच्या त्या मुलाकडे क्षणभर परत जातो, कारण लाफाँ यांच्यासारख्या शिक्षकांचा पहिला धडा हाच असे. बॅटरीचा एक सेल, एक लहान बल्ब आणि तारेचे दोन तुकडे घ्या. सेलच्या एका टोकापासून बल्बपर्यंत एकच तार जोडली तर बल्ब लागत नाही. दुसरी तार बल्बपासून सेलच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेली की तो तत्क्षणी उजळतो. वीज कोठे तरी पोहोचून संपत नाही. तिला निघाली तेथे परत येण्याची वाट लागते. या पूर्ण झालेल्या वाटेलाच विद्युत्मंडल, म्हणजे आपण सर्वजण म्हणतो ते सर्किट, असे नाव आहे. स्विच म्हणजे त्या वाटेतील फाटक. ते उघडले की मंडल तुटते, मिटले की जुळते. (बोलताना मात्र आपण उलट म्हणतो, मंडल जुळविण्यास आपण स्विच उघडणे म्हणतो. भाषांतराचे काम करणाऱ्यास अशा गोष्टी टोचतात.) तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही ते याचसाठी, त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात, परतीची वाट त्याच्या अंगातून जात नाही. ओशॉनेसींनी नदीला जुंपले तेही परतीच्या वाटेसाठीच.

आता प्रवाह वाहतो कशाने? शेतावरची मोट आठवा. विहिरीतील पाणी आपणहून वर येत नाही. मोट ते उचलते आणि मग ते पाटातून उताराने धावते. सेल किंवा जनित्र हे मोटेचे काम करते. किती उंच उचलले ते व्होल्टमध्ये मोजतात, दर सेकंदास किती वाहिले ते अँपिअरमध्ये, आणि पाट अरुंद किंवा खडबडीत असल्याने जो अडथळा होतो तो ओहममध्ये. दाब वाढला तर प्रवाह वाढतो, अडथळा वाढला तर घटतो. जर्मनीतील शिक्षक ओहम यांनी १८२७ मध्ये हा नियम मांडला. आपल्या घरात दोनशे तीस व्होल्टचा दाब असतो. साठ वॅटच्या जुन्या पद्धतीच्या बल्बमधून त्या दाबाने पाव अँपिअरहून किंचित अधिक प्रवाह जातो, कारण तापलेल्या तंतूचा अडथळा सुमारे आठशे ऐंशी ओहम असतो. मोटेची उपमा एका ठिकाणी लंगडी पडते, हे सांगितले पाहिजे. पाटाचे पाणी शेतात मुरते; विजेचे कण मुरत नाहीत, ते फिरून येतात. खर्च होते ती त्यांनी वाहून आणलेली ऊर्जा.

याहून एक नवल पुढे आहे. १८२० मध्ये डेन्मार्कचे अर्स्टेड यांना दिसले की तारेतून प्रवाह गेला की शेजारची होकायंत्राची सुई वळते. वीज चुंबकाला हलवू शकते, तर चुंबक विजेला का हलवू नये? १८३१ मध्ये लंडनच्या मायकेल फॅरेडे यांनी तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर केले आणि सेल नसतानाही तारेत प्रवाह उत्पन्न झाला. फॅरेडे हे एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे निष्ठावंत सभासद व वडील होते, आणि लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर्वसामान्य श्रोत्यांसाठी दिलेल्या त्यांच्या व्याख्यानांची कीर्ती कलकत्त्यापर्यंत आली होती. बजबजच्या केंद्रात आजही फॅरेडे यांचीच युक्ती चालते. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ चक्र फिरविते, चक्राबरोबर चुंबक फिरते आणि भोवतालच्या तारांत वीज निर्माण होते. चुंबकाचे उत्तर व दक्षिण टोक आळीपाळीने समोर येत असल्याने प्रवाहही सेकंदास पन्नास वेळा मागेपुढे हेलकावतो. लाखाहून अधिक व्होल्टच्या दाबाने तो शहराकडे धाडला जातो, कारण दाब दहापट केला की तीच ऊर्जा नेण्यास प्रवाह दहावा हिस्सा पुरतो आणि तारा तापून होणारी नासाडी शंभरावा हिस्सा होते. म्हणूनच बजबजच्या तारेतील एकही विद्युत्कण कोलकात्याच्या दिव्यापर्यंत प्रवास करीत नाही. कण आपापल्या जागी थरथरतात. पोहोचते ती ऊर्जा.

हे सारे मंचावर घडताना पाहिलेल्या श्रोत्याच्या मनावर काय परिणाम होत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. त्या श्रोत्यांच्या शहरात एक असामान्य गृहस्थ होते, डॉ. महेंद्रलाल सरकार. १८६३ साली त्यांनी कलकत्ता मेडिकल कॉलेजातून एम.डी. ही पदवी मिळविली होती आणि थोड्याच वर्षांत होमिओपॅथीचा जाहीर स्वीकार करून आपल्या व्यवसायबंधूंचा रोष ओढवून घेतला होता. १८६९ मध्ये त्यांनी आपल्या वैद्यकीय नियतकालिकातून आवाहन केले की भारतीयांनी स्वतः चालविलेली, भारतीयांच्या पैशाने उभी राहिलेली एक विज्ञानसंस्था असावी, आणि ती लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या धर्तीवर असावी. तेथे व्याख्याने व्हावीत, प्रयोग व्हावेत आणि पुढे संशोधन व्हावे. वर्गणीसाठी त्यांना वर्षानुवर्षे दारोदार फिरावे लागले. लाफाँ यांची आणि त्यांची मैत्री जमली ती या स्वप्नावरून. एक हिंदू डॉक्टर आणि एक कॅथलिक धर्मगुरू. दोघांच्या श्रद्धा वेगळ्या, स्वभावही वेगळे असावेत, पण ध्यास एक होता.

मध्यंतरी, ९ डिसेंबर १८७४ रोजी, शुक्राने सूर्यबिंब ओलांडले. ते पाहण्यासाठी इटलीहून ताक्किनी यांच्या नेतृत्वाखाली खगोलशास्त्रज्ञांचे पथक बंगालमध्ये आले व लाफाँ त्यांना जाऊन मिळाले. शुक्राच्या वातावरणात पाण्याची वाफ असावी असे निरीक्षण त्या वेळी नोंदविण्यात आले. आज आपणास माहीत आहे की तेथे बाष्प नाममात्रच आहे. परंतु त्या अनुभवाने लाफाँ यांना वेधशाळेची ओढ लावली. वर्गणी गोळा करून १८७५ मध्ये त्यांनी कॉलेजच्या छतावर ती उभारली.

सरकार यांच्या संस्थेची वेळ जवळ येताच वाद उभा राहिला. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन लीग या संघटनेच्या पुढाऱ्यांचे म्हणणे असे होते की देश दरिद्री आहे, कारागीर बेकार झाले आहेत. अशा वेळी शुद्ध विज्ञानाची व्याख्याने ही चैन आहे. त्यापेक्षा तंत्रशाळा काढावी, तरुणांच्या हाताला उद्योग द्यावा. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल (हेच पुढे १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले) यांच्यासमोर दोन्ही बाजू मांडल्या गेल्या.

लीगचे म्हणणे वेडगळ नव्हते, हे मी आवर्जून नमूद करतो. भुकेल्या माणसापुढे सिद्धांत ठेवून भागत नाही. आपल्या मिशन संस्थांनीही महाराष्ट्रात सुतारकामाच्या, लोहारकामाच्या शाळा काढल्या आणि त्यांतून कित्येक घरे उभी राहिली. माझ्या स्वतःच्या आप्तांत असे लोक आहेत.

तरीही लाफाँ यांनी सरकार यांची बाजू घेतली आणि ती कठोर शब्दांत घेतली. त्यांच्या भाषणाचा आशय असा होता की केवळ तंत्र शिकविल्याने या देशात यांत्रिकांची फौज तयार होईल, परंतु तिच्यावर देखरेख करावयास कायम युरोपियन माणूस लागेल. सरकार यांना हवे आहे ते वेगळे. आपल्या देशबांधवांची या अपमानास्पद परावलंबनातून दीर्घकाळाने का होईना सुटका व्हावी, हे त्यांचे ध्येय आहे. राज्यकर्त्यांच्या वर्णाचा एक युरोपियन पाद्री, लेफ्टनंट गव्हर्नरांच्या काळात, भारतीयांनी युरोपियनांच्या देखरेखीवाचून उभे राहावे असे जाहीरपणे म्हणत होता. त्याने नुसते म्हटले असेही नव्हे. नव्या संस्थेचा कारभार सर्वस्वी भारतीयांच्या हाती असावा, ही सरकार यांची अट होती. लाफाँ यांनी ती मान्य करून त्या संस्थेत व्याख्याता म्हणून काम पत्करले. मिशनच्या कामात आयुष्य घालविलेल्या आपणापैकी किती परदेशी बांधवांना हे सहज जमले असते? आपल्या मंडळ्यांचा इतिहास जाणणाऱ्यांना उत्तर ठाऊक आहे.

२९ जुलै १८७६ रोजी बहूबाजार रस्त्यावर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेचा आरंभ झाला. लाफाँ तेथे अनेक वर्षे मानधन न घेता पदार्थविज्ञानावर सप्रयोग व्याख्याने देत राहिले. सेंट झेविअर्समधील अध्यापन, पुढे कॉलेजच्या रेक्टरपदाची जबाबदारी, कलकत्ता विद्यापीठातील सभा आणि धर्मगुरूची नित्याची कर्तव्ये, हे सर्व सांभाळून ते संध्याकाळी पेटाऱ्यांतून उपकरणे घेऊन बहूबाजारात जात. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात विज्ञानाला मानाची जागा मिळावी म्हणून त्यांनी केलेल्या खटपटीचे फळ हळूहळू दिसू लागले. १८८० मध्ये सरकारने त्यांना सी.आय.ई. ही पदवी दिली.

असे असले तरी लाफाँ यांच्या नावावर विजेतील कोणताही मोठा शोध नाही. याची खंत त्यांच्या चरित्रकारांना वाटते, मला फारशी वाटत नाही. परंतु संस्थेतही पुष्कळ वर्षे संशोधन असे झालेच नाही. व्याख्याने होत, टाळ्या पडत आणि श्रोते घरी जात. डॉ. सरकार १९०४ मध्ये निवर्तले तेव्हा ते निराश होते. प्राध्यापक नेमण्याइतका निधी देशातील श्रीमंतांनी कधीच दिला नाही. हात की मन या वादात मनाची बाजू जिंकली होती, पण केवळ ऐकणारे मन आणि शोध घेणारे मन यांतील अंतर मोठे असते, हे त्या दोघांनाही सोसावे लागले.

हे अंतर ज्यांनी प्रथम ओलांडले ते लाफाँ यांच्याच वर्गातील होते. जगदीशचंद्र बोस हे सेंट झेविअर्सचे विद्यार्थी. १८७९ मध्ये ते तेथून बी.ए. झाले. वनस्पतींत रमणाऱ्या या मुलाला पदार्थविज्ञानाची गोडी लागली ती लाफाँ यांच्या प्रयोगांनी. इंग्लंडमध्ये शिकून १८८५ साली ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून युरोपियनांपेक्षा कमी पगार मिळतो हे कळताच त्यांनी तीन वर्षे पगारच स्वीकारला नाही, मात्र शिकविणे सोडले नाही. पुढे लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराकडून उपकरणे घडवून घेऊन, त्यांनी अतिशय आखूड विद्युत्लहरी निर्माण केल्या. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी तार न जोडता भिंतीपलीकडची घंटा वाजविली आणि दारू उडविली. येथे हात आणि मन एकत्र आले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कारागिराशिवाय बोस यांचेही चालले नाही.

लाफाँ यांना शिष्याचा अभिमान वाटे. १८९७ मध्ये त्यांनी बिनतारी संदेशाचे प्रयोग कलकत्त्यात लोकांपुढे करून दाखविले. युरोपात मार्कोनी यांचे नाव गाजू लागले होते, परंतु या क्षेत्रातील बोस यांच्या कामाचे श्रेय बोस यांनाच मिळाले पाहिजे, हे लाफाँ यांनी जाहीरपणे सांगितले. आपल्या शिष्याला मोठे म्हणण्यास ज्या मोकळ्या मनाची गरज असते ते त्यांच्यापाशी होते.

बोस यांच्या कामातील एक भाग आजच्या वाचकाने अवश्य समजून घ्यावा, कारण साध्या विद्युत्मंडलापासून इलेक्ट्रॉनिक्सकडे जाणारी पायवाट तेथून निघते. तांबे वीज वाहून नेते, काच नेत नाही. शिशाच्या गॅलेना या खनिजाची तऱ्हा तिसरीच आहे. त्याच्या स्फटिकावर धातूचे टोक टेकविले तर ते प्रवाहाला एका दिशेने सहज जाऊ देते व उलट दिशेने अडविते. भाताच्या खाचरातील पाण्याला एकाच बाजूने वाट देणाऱ्या झडपेप्रमाणे. हेलकावणाऱ्या लहरींतून एका दिशेचा प्रवाह वेचून काढण्यास, म्हणजेच लहर आल्याचे ओळखण्यास, हा गुण उपयोगी पडतो. बोस यांनी या युक्तीसाठी अमेरिकेत अर्ज केला व १९०४ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. अर्धवाहकाच्या उपकरणावरील जगातील ते पहिले पेटंट मानले जाते. आज आपल्या खिशातील मोबाइलमध्ये नखाएवढ्या तुकड्यावर असल्या अब्जावधी झडपा असतात. त्यांतील प्रत्येकीला लागते ती तीच जुनी गोष्ट, जाण्याची आणि परत येण्याची वाट.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात लाफाँ पुन्हा सेंट झेविअर्सचे रेक्टर झाले. शरीर थकले होते. १९०८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही सन्माननीय पदवी दिली. त्यानंतर ते दार्जिलिंग येथे होते आणि तेथेच १० मे १९०८ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांना देवाज्ञा झाली. दार्जिलिंगला वीज आली होती ती कलकत्त्याच्याही आधी. तेथील सिद्रापोंगचे लहानसे जलविद्युतकेंद्र १८९७ मध्ये सुरू झाले होते, तर कलकत्त्यातील पहिले वीजकेंद्र १८९९ मध्ये.

त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी अर्थखात्यातील एक तरुण अधिकारी नेमणूक होऊन कलकत्त्यास आला होता. बहूबाजारातून जाताना त्याला विज्ञानसंस्थेची पाटी दिसली. आत उपकरणे होती आणि ती वापरणारे फारसे कोणी नव्हते. कचेरी भरण्यापूर्वी आणि सुटल्यानंतर येऊन काम करण्याची परवानगी त्याने मागितली. त्याचे नाव चंद्रशेखर वेंकट रामन. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्याच इमारतीत त्यांना प्रकाशाच्या विकिरणाचा तो परिणाम दिसला, ज्यासाठी १९३० चे नोबेल पारितोषिक त्यांना देण्यात आले.

मराठवाड्यातील माझ्या गावी परतल्यावर मी बजबजच्या त्या मुलाला विद्युत्मंडलाची एक आकृती काढून पाठविली. दुसऱ्या तारेखाली लिहिण्याची जागा मुद्दाम रिकामी ठेवली होती. महिन्याभराने आकृती परत आली. जागा त्याने भरली होती, आणि खाली स्वतःचा एक प्रश्न लिहिला होता: प्रवाह जर मागेपुढे हेलकावतो, तर मग जाणारी तार कोणती आणि येणारी कोणती? त्याचे उत्तर लिहावयास मला दोन पाने लागली.